द्राक्षवाल्या घरातली स्ट्रॉबेरी : नाशिकमधल्या एका अंगणाचा प्रकरण अभ्यास

मखमलाबादच्या बाजूला रो-हाउसची जी वस्ती झाली आहे, तिथलं हे घर. घरात आई-बाबा, ९ वर्षांची मुलगी, ५ वर्षांचा मुलगा आणि आबा. आबांनी निफाड तालुक्यात उभी हयात द्राक्षबाग केली. आता बाग थोरला मुलगा बघतो आणि आबा धाकट्याकडे नाशिकला असतात. आदल्या हिवाळ्यात ही मंडळी सापुताऱ्याला गेली होती. परतताना हातगडच्या पुढे सुरगाण्याच्या शेतकऱ्यांनी रस्त्याकडेला मांडलेली स्ट्रॉबेरी मुलांनी खाल्ली आणि घरी आल्यावर मुलीने धरूनच ठेवलं, आपल्याकडेही लावायची.

ऑक्टोबरात, पाऊस उघडल्यावर, २४ रोपं लागली. १६ कुंपणालगतच्या वाफ्यात, ८ कुंड्यांत. डिसेंबरात मला बोलावलं तेव्हा घराची तक्रार तीन भागांत होती. पानं पिवळी पडतात, फळं वाकडी-चपटी येतात, आणि जी बरी येतात ती लाल होण्याआधीच नाहीशी होतात. या तिन्हींवर घरात एकच उपाय चालला होता, खत. मी घरच्या बागांना सल्ला देते, त्यामुळे ‘काही बिघडलं की खत’ ही सवय रोज बघते. या घराची गोष्ट सविस्तर लिहावीशी वाटली ती दुसऱ्या कारणासाठी. इथे अनुभवाची कमतरता नव्हती. आबांच्या गाठीशी चाळीसएक वर्षांची द्राक्षं होती. ती काही ठिकाणी नेमकी आड आली आणि एका ठिकाणी त्यांनीच मार्ग काढला.

लागवड

रोपं गंगापूर रोडच्या एका रोपवाटिकेतून आणलेली, विंटर डॉन आणि स्वीट चार्ली. दोन्ही फ्लोरिडात तयार झालेल्या, दिवस लहान झाले की कळी धरणाऱ्या जाती. म्हणून आपल्याकडे त्या पावसाळ्यानंतर लावायच्या आणि हिवाळाभर फळ घ्यायचं. नाशिकची थंडी त्यांना मानवते. जातीची निवड आणि वेळ, दोन्ही बरोबर होतं.

लावताना मुलांनी हौसेने खड्डे खोल केले आणि काही रोपं गाभ्यापर्यंत पुरली गेली. नवी पानं जिथून फुटतात तो गाभा, शेतकरी ज्याला क्राऊन म्हणतात, मातीच्या बरोबर पातळीवर हवा. खाली गेला तर कुजतो, वर राहिला तर मुळं उघडी पडून सुकतात. तीन रोपं पहिल्या पंधरवड्यातच गेली. लहान मुलाकडून लावून घेताना मी एक करते. रोप आधी मोठ्याने योग्य उंचीवर धरायचं आणि माती ढकलायचं काम मुलाकडे द्यायचं. खड्डा किती खोल हा निर्णय पाच वर्षांच्या मुलाला झेपत नाही, भोवतीची माती दाबणं मात्र तो मोठ्यांपेक्षा नीट करतो.

पिवळी पानं

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही खूण लोहाच्या कमतरतेची. नत्र कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं फिकी होतात. इथे उलट होतं. आबांनी युरियाचे दाणे दोनदा टाकले होते, त्याने पिवळेपणा हटला नाहीच, वर पानांच्या कडा करपल्या.

खरा प्रश्न मातीत आणि पाण्यात होता. वाफ्यात काळी माती होती. आपली काळी माती बेसॉल्टपासून झालेली, तिच्यात लोह भरपूर असतं, पण चुनखडीमुळे सामू (मातीची आम्ल-अल्कता, pH) वर गेला की ते मुळांना घेता येत नाही. स्ट्रॉबेरीला सामू साधारण ५.५ ते ६.५ लागतो. मुलांना हे दाखवायला मी वाफ्यातलं एक कोरडं ढेकूळ बशीत ठेवलं आणि त्यावर व्हिनेगर ओतायला सांगितलं. बुडबुडे फुटले. कुंडीतल्या लाल मातीवर ओतलं, काहीच झालं नाही. धाकट्याने अंगणातल्या प्रत्येक कोपऱ्यातली माती आणून हीच परीक्षा घेतली आणि व्हिनेगरची बाटली संपवली. त्या बाटलीचं मला काही वाटलं नाही. आईला थोडं वाटलं.

पण कुंड्यांतली पानंही थोडी फिकी होती, म्हणजे एकट्या मातीचा दोष नव्हता. दोन्हीकडे पाणी बोअरचं जात होतं. बादलीच्या आतल्या बाजूला पांढरा थर चढलेला दिसत होता. आबांचं म्हणणं, “अहो ताई, ह्याच्याहून जड पाण्यावर आम्ही बागा काढल्या.” ते खोटं नाही. पण नाशिककडच्या बहुतेक द्राक्षबागा डॉगरिज नावाच्या खुंटावर, म्हणजे ज्यावर द्राक्षाचं कलम बांधतात त्या मुळाकडच्या जातीवर, उभ्या आहेत. तो खुंट क्षार आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणूनच वापरात आला. स्ट्रॉबेरी क्षारांच्या बाबतीत फार नाजूक पिकांपैकी एक, आणि तिची मुळं बहुतेक वरच्या वीतभर मातीतच असतात. तिच्याखाली असा खुंट नाही. आबांना ही तुलना लगेच पटली, कारण खुंट बदलण्याआधीच्या बागा त्यांनी पाहिल्या होत्या.

युरिया बंद केला. स्ट्रॉबेरीला फक्त नळाचं पाणी द्यायचं ठरलं. लोहासाठी घरात हिराकस (फेरस सल्फेट) होतं, पण चुनखडीच्या मातीत ते टाकलं की थोड्याच वेळात बांधलं जातं. ईडीटीए प्रकारचं चिलेट, म्हणजे मातीत बांधलं जाऊ नये म्हणून दुसऱ्या रसायनाने वेढलेलं लोह, अशा सामूला टिकत नाही, ईडीडीएचए टिकतं. ते द्राक्षवाल्यांच्या कृषी सेवा केंद्रात सहज मिळतं. पाकिटावरच्या मात्रेच्या निम्म्याने, पाण्यातून, मुळाशी दिलं. जुनी पानं तशीच राहिली, पण नवी हिरवी यायला लागली. पाणी आणि लोह एकाच आठवड्यात बदलल्यामुळे कुणाचा किती वाटा हे या प्रकरणातून सांगता येणार नाही.

वाकडी फळं

हा सगळ्यात रंजक भाग, आणि तो उलगडला मुलीने.

वाफ्यातली फळं एका अंगाने फुगलेली, दुसऱ्या अंगाने चपटी, टोकाशी आवळलेली. कुंड्यांतली मात्र बहुतेक घाटदार. घरच्यांनी अर्थ लावला की काळी माती वाईट, लाल माती चांगली. वर पिवळ्या पानांचा पुरावा होताच, त्यामुळे पटण्यासारखंही होतं. मुलगी रोज शाळेतून आल्यावर फळं बघायची. तिने मला एक वाकडं फळ तळहातावर ठेवून दाखवलं. “मावशी, जिथे फुगलंय तिथे बिया मोठ्या आहेत. चपट्या बाजूला बघा, बारीक बारीक आणि चिकटून.”

तिचं निरीक्षण अचूक होतं. स्ट्रॉबेरीच्या अंगावर जे दाणे दिसतात, त्यातला प्रत्येक दाणा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एक स्वतंत्र फळ आहे, बी त्याच्या आत असते. आपण खातो तो लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला देठाकडचा भाग. तो कुठे फुगायचा हे दाणे ठरवतात, कारण वाढीचं संप्रेरक, ऑक्झिन, त्यांच्यातून येतं. ज्या दाण्यापर्यंत पराग पोचला नाही तो वाढत नाही आणि त्याच्याखालचा गरही वाढत नाही. एकेका स्त्रीकेसराचा पुढे एकेक दाणा होतो, आणि एका फुलात असे शे-दीडशे तरी स्त्रीकेसर असतात, मोठ्या फुलात त्याहून जास्त. सगळ्यांना पराग मिळाला तरच फळ सुडौल होतं. १९५० मध्ये निच या शास्त्रज्ञाने कोवळ्या स्ट्रॉबेरीवरचे दाणे काढून हे दाखवलं होतं. दाणे काढले की फळाची वाढ थांबे, आणि त्या जागी ऑक्झिन लावलं की पुन्हा चालू होई. आम्ही यातला पहिला अर्धा भाग करून पाहिला. एका हिरव्या फळाच्या अर्ध्या अंगावरचे दाणे मुलीने सुईच्या टोकाने हळूच काढले. दोन-तीन आठवड्यांनी ते फळ वाफ्यातल्या वाकड्या फळांसारखंच दिसत होतं, एक अंग भरलेलं आणि एक बसकं. फळ कसं तयार होतं हे समजावण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

मग प्रश्न राहिला, वाफ्यातल्या फुलांना पराग का मिळत नव्हता? बाबांनी ऑक्टोबरच्या उन्हासाठी आणि बुलबुलांच्या धास्तीने वाफ्यावर हिरवी शेडनेट चारही बाजूंनी बंद करून बसवली होती. कुंड्या मात्र तुळशीवृंदावनाभोवती उघड्यावर होत्या. मंजिऱ्यांवर फुलोरी मधमाश्यांची सतत ये-जा होती. आबांना नेटमध्ये काही खटकलं नाही, आणि खटकण्याचं कारणही नव्हतं. थॉमसनसारख्या जातीला घड धरायला मधमाशी लागत नाही, ज्या माणसाने जन्मभर द्राक्ष पाहिलं त्याच्या हिशेबात माशी येतच नाही.

अर्थात नेटचे दोष दोन असू शकत होते, माश्या अडल्या हा एक आणि ऊन अडलं हा दुसरा. स्ट्रॉबेरीला किमान सहा तास थेट ऊन हवं. दोन्ही कारणं वेगळी करायची म्हणून असं ठरवलं. अर्ध्या वाफ्यावरची नेट काढायची, अर्ध्यावर ठेवायची. आणि नेटखालच्या काही फुलांना मुलीने दुपारी चित्रकलेचा मऊ ब्रश मधल्या पिवळ्या भागावर गोल फिरवायचा, फूल ताजं असेपर्यंत दोन-तीन दिवस. कोणतं फूल हे ओळखायला देठाला लाल लोकरीचा धागा. नोंदी तिच्या वहीत.

फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत साधारण महिना जातो, त्यामुळे निकाल संक्रांतीच्या सुमाराला आला. उघड्या अर्ध्यातली फळं सुधारली. नेटखालची बिनधाग्याची पूर्वीसारखीच वाकडी. आणि नेटखालचीच लाल धाग्याची जवळजवळ सगळी घाटदार, फक्त आकाराने जरा लहान आणि गोडीला कमी. म्हणजे वाकडेपणाचा दोष माश्यांच्या अभावाचा, लहानपणाचा आणि गोडीचा दोष सावलीचा. काळ्या मातीचा या वाकडेपणाशी संबंध नव्हता.

मुलांना त्या दिवशी मी आणखी एक हकीकत सांगितली, ती इथेही सांगते. आज आपण खातो ती मोठी स्ट्रॉबेरी रानात कुठेच नव्हती. १७१४ मध्ये फ्रेझिए नावाचा फ्रेंच अधिकारी चिलीहून मोठ्या फळांच्या जातीची रोपं फ्रान्सला घेऊन आला. ती निघाली सगळी मादी रोपं. फुलत, पण फळत नसत. शेजारी उत्तर अमेरिकेतली दुसरी जात लावल्यावर तिचा पराग मिळाला आणि फळं धरली. त्या दोघींच्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी आली, आणि १७६६ मध्ये द्युशेन या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने तो संकर ओळखला. मुलीचा लगेच प्रश्न, “त्यांच्याकडे ब्रश नव्हता का?”

नेटचा मार्ग असा निघाला की हिरवी शेडनेट कायमची काढली. पक्ष्यांसाठी जाळं फक्त पिकू लागलेल्या फळांच्या पट्ट्यावर आणि तेही सकाळ-संध्याकाळ. रंग चढणाऱ्या चांगल्या फळांना मुलांनी लग्नातल्या बटव्यांसारख्या जाळीच्या पिशव्या बांधल्या. बुलबुलांनी तरी थोडी खाल्लीच. तेवढी त्यांना जाऊ द्यावीत असं माझं मत आहे.

नाहीशी होणारी फळं

तिसऱ्या तक्रारीचं उत्तर घरात सगळ्यांना ठाऊक होतं. धाकटा पांढरी-हिरवी फळं तोडत होता. काही खायचा, काही डब्यात लपवून ठेवायचा. शिवाय फळ ओढून तोडल्यामुळे दोनदा अख्खं रोप हातात आलं होतं. त्यावर त्याला रागावणं आणि वाफ्याकडे जायला बंदी, असं चाललं होतं.

डब्यातली फळं सापडली तेव्हा मी तिथेच होते. “आबा, ठेवली की होतात ना लाल?” त्याने आंब्याची आढी पाहिली होती, त्याच्या प्रश्नात तर्क होता. आबांनी त्याला जवळ घेतलं. “आंबा होतो रे सोन्या. पण द्राक्ष तोडल्यावर गोड होतं का? आपण काकाच्या बागेत चाखून बघतो ना, गोडी भरली की मगच कात्री लावतो. ही द्राक्षासारखी आहे. झाडावर राहील तेवढीच गोड.” हे शास्त्रशुद्ध आहे. स्ट्रॉबेरी आणि द्राक्ष दोन्ही तोडल्यानंतर पिकत नाहीत. अर्धकच्ची स्ट्रॉबेरी ठेवली तर रंग थोडा चढतो, गोडी वाढत नाही. जे ज्ञान पाण्याच्या आणि माशीच्या बाबतीत चुकवत होतं, ते इथे चपखल बसलं. मी तासभर बोलले असते तरी एवढं समजावता आलं नसतं.

पाच वर्षांच्या मुलाचं केवळ समजून भागत नाही. म्हणून दोन कुंड्या पूर्णपणे त्याच्या केल्या. त्यांतलं फळ कधीही तोड, कच्चं खा, फेकून दे, कुणी बोलणार नाही. बाकीच्यांवर मात्र आधी दाखवायचं आणि मग तोडायचं. पहिले काही दिवस त्याने स्वतःच्या कुंड्या कच्च्याच संपवल्या. मग बहिणीचं लालभडक फळ खाल्लं आणि त्याच्या कुंडीतली पुढची दोन फळं राहिली. मोठ्यांना ही सूट द्यायला जड जातं. पण मुलांबरोबर बाग करायची तर थोडं पीक मुलांच्या मर्जीवर सोडावंच लागतं, याबाबत मी ठाम आहे.

पिकल्याची खूण त्याला शिकवली. टोपीखालचा खांदा सगळ्यात शेवटी लाल होतो, तो लाल दिसेपर्यंत थांबायचं. देठ नखाने खुडायचा, फळाला ओढ द्यायची नाही.

काही किरकोळ, पण मुलांच्या घरात मोठ्या गोष्टी

वाफ्यावर गोगलगायी होत्या आणि बाबांनी त्यांच्या गोळ्या आणल्या होत्या. त्या मी बाहेर काढायला लावल्या. त्यांतलं मेटाल्डिहाइड लहान मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना विषारी आहे, आणि वाफ्यातून थेट तोंडात जाणाऱ्या पिकाजवळ त्याला जागा नाही. रात्री ओलं गोणपाट पसरायचं, सकाळी उलटून गोगलगायी गोळा करायच्या. हे काम धाकट्याने मागून घेतलं.

जानेवारीत दोन रोपांची पानं वर वळून खाली पांढुरकी झाली, ती भुरी, म्हणजे बुरशीचा रोग. आबांचा हात लगेच गंधकाकडे गेला. बागेत ते बरोबर आहे, इथे नको म्हटलं. मुलं दर तासाला फळ शोधत असतात, फवारणीनंतर थांबायचे दिवस कोण पाळणार? रोगट पानं खुडली, दाटी कमी केली, पुढे वाढली नाही.

फळं मातीला टेकून कुजत होती. इगतपुरीकडून भाताचा पेंढा आणून रोपांखाली पसरला. कच्चं शेणखत फळ धरल्यावर वाफ्यात टाकायचं नाही, कारण ही फळं मुलं धुतल्याशिवायही खातात. आणि पहिल्यांदा खाणाऱ्या मुलाला एखादंच द्यावं, काहींना ओठांना खाज सुटते किंवा पुरळ येतं.

आणखी एक तक्रार मुलीची होती, नंतरची फळं लहान का होतात? त्यात दोष काहीच नाही. प्रत्येक गुच्छात पहिलं फूल सगळ्यात मोठं, त्यात दाणे जास्त, म्हणून फळ मोठं. मागून येणारी फुलं उतरत्या आकाराची. आबांनी तिला विरळणीची कात्री दिली आणि काही गुच्छांतल्या शेवटच्या बारीक कळ्या काढायला शिकवलं. त्या गुच्छांची फळं थोडी भरली असं दोघांचं म्हणणं आहे. मला तेवढा फरक दिसला नाही.

हंगामअखेर

मार्चच्या मध्यापर्यंत फळं चालली. मुलीच्या वहीत तीनशेच्या आतबाहेर फळांची नोंद आहे. बाजारच्या पनेटच्या (स्ट्रॉबेरीच्या छोट्या डब्याच्या) भावाने पाहिलं तर रोपं, माती आणि नेट धरून हा व्यवहार तोट्याचा आहे, आणि कुणाला स्वस्त स्ट्रॉबेरी हवी असेल तर सुरगाण्याच्या शेतकऱ्याकडूनच घ्यावी. डोंगरउताराची निचऱ्याची जमीन आणि तिथली हवा आपल्या अंगणात आणता येत नाही.

ऊन वाढलं, दिवस मोठे झाले तशी फुलं थांबून रनर, म्हणजे जमिनीवर पसरून टोकाला नवं रोप देणारे दोर, सुटायला लागले. मुलांनी ते केसांच्या पिनांनी लहान कुंड्यांत टोचून ठेवले. मुळं धरल्यावर मधला दोर कापला. एप्रिल-मेमध्ये सगळ्या कुंड्या कडुनिंबाखाली होत्या. त्या उन्हाळ्यात तगल्या, पण पावसाळ्यात पाणी साचून बरीच रोपं कुजली. व्यापारी शेतकरी दरवर्षी नवी रोपं का लावतात याचं हे एक कारण. सप्टेंबरअखेर पाच जिवंत होती, त्यांतली दोन धाकट्याच्या कुंड्यांमधली.

यंदा वाफा सोडून सगळी रोपं लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखताच्या कुंड्यांत लावायची ठरली आहेत, कोकोपीट आधी दोन-तीनदा धुऊन, कारण त्यातही क्षार असतात. नवी १२ रोपं आणि जुनी ५. कुंड्या तुळशीभोवतीच राहतील. रिकाम्या वाफ्यात आबा मेथी टाकणार आहेत. बोअरच्या पाण्यावर ती चालेल असं त्यांचं म्हणणं आहे, आणि त्याला माझीही हरकत नाही. मुलीने वहीत नवं पान काढून प्रश्न लिहिला आहे : जुन्या रोपांची फळं नव्या रोपांपेक्षा लहान येतात का? त्यासाठी जुन्या पाचांना तिने आत्ताच पांढरा धागा बांधून ठेवला आहे.